मेसेज काय सांगतो आणि काय मागतो

२०२२ साली महाराष्ट्रातल्या लाखो मोबाइलवर एकाच धाटणीचा मेसेज येऊन धडकला. ‘तुमच्या मागच्या महिन्याच्या बिलाची नोंद झालेली नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा तोडला जाईल, ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याला फोन करा.’ खाली एक साधा दहा आकडी नंबर. फोन केला की पलीकडचा माणूस अदबीने बोलायचा, एखादे ॲप घ्यायला लावायचा, ‘दहाच रुपये भरा म्हणजे नोंद होईल’ म्हणायचा. काही मिनिटांत खाते रिकामे व्हायचे. महावितरणने त्या वर्षी वारंवार जाहीर केले की कंपनी कोणत्याही वैयक्तिक नंबरवरून असे मेसेज पाठवत नाही. तरीही लोक फसत राहिले.

इथे एक प्रश्न विचारायला हवा. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तर ग्राहकाला किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री साडेनऊ’ ही भाषा कायद्यातच बसत नाही. एवढे एक वाक्य ज्याला माहीत होते, त्याला तो मेसेज पाहताक्षणी खोटा वाटला असता. मग ते वाक्य आपल्यापैकी किती जणांना कुणी सांगितले होते? बिल भरा, मुदतीत भरा, ऑनलाइन भरा हे सगळ्यांनी सांगितले. आपला हक्क काय, हे कुणी सांगितले नाही. फसवणारा याच मोकळ्या जागेत शिरतो.

म्हणून ‘लोक अडाणी आहेत, लोभी आहेत, म्हणून फसतात’ हे सोयीचे स्पष्टीकरण मला मान्य नाही. माणूस फसतो तो लागलेल्या सवयीमुळे, आणि ही सवय त्याला खऱ्या व्यवस्थेनेच लावलेली असते. खोट्या मेसेजपासून वाचायचे तर ती सवय मोडली पाहिजे: आधी आपली, आणि तितक्याच निकडीने बँकांची, कंपन्यांची आणि सरकारी कार्यालयांची.

परभणी जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा असे नऊ तालुके. कापूस, सोयाबीन आणि तुरीवर चालणारे घर. या घराचा आज सरकारशी जो संबंध उरला आहे तो बहुतेक मोबाइलमधून जातो. पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये तीन हप्त्यांत येतात, नमो शेतकरी महासन्मान निधीचे वेगळे. त्यासाठी ई-केवायसी. पीकविम्यासाठी अर्ज आणि मुदत. अतिवृष्टीच्या मदतीसाठी पुन्हा खाते, आधार, केवायसी. शेतकरी ओळख क्रमांकासाठी नोंदणी. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ नावाचे ॲप. लाडक्या बहिणीचे महिन्याचे १५०० रुपये चालू ठेवायचे तर त्याचीही ई-केवायसी. या प्रत्येक ठिकाणी अंगठा किंवा ओटीपी, प्रत्येक ठिकाणी शेवटची तारीख, आणि ‘नाही केले तर लाभ बंद’ हा इशारा.

आता फसवणाऱ्याचा मेसेज याच्या शेजारी ठेवून पाहा. ‘तुमचा हप्ता थांबला आहे. केवायसी अपूर्ण आहे. आजच पूर्ण करा. खालची लिंक उघडा.’ यात त्याने नवे काय लिहिले? काहीच नाही. खऱ्या योजनेची भाषा, खऱ्या योजनेची भीती आणि खऱ्या योजनेची घाई त्याने जशीच्या तशी उचलली. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू होताच तिच्या खोट्या वेबसाइट फिरू लागल्या, पीएम किसानच्या नावाने खोटी ॲप व्हॉट्सॲपवर आली, कुसुम योजनेतल्या सौरपंपाच्या नावाने पैसे मागणाऱ्या बनावट साइटबद्दल केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला पुनःपुन्हा सावध करावे लागले. जिथे खरी गर्दी असते तिथेच खिसेकापू उभा राहतो.

ओटीपीचेही तसेच आहे. बँक सांगते, ओटीपी कुणालाही सांगू नका. पण रोजच्या जगण्यात काय घडते? गॅसची टाकी घरी आली की मोबाइलवर आलेला आकडा पोचवणाऱ्याला सांगावा लागतो. सेवा केंद्रात फॉर्म भरताना चालक विचारतो, ‘काका, नंबर आला का? सांगा लवकर,’ आणि काका सांगतात, कारण सांगितल्याशिवाय काम होत नाही. कित्येक घरांत योजनेला जोडलेला मोबाइल एकाचा, खाते दुसऱ्याचे आणि वाचून दाखवणारा तिसरा. ज्या माणसाला महिन्यातून चार वेळा ओटीपी सांगायला लावले, त्याने पाचव्या वेळी मात्र तो सांगायचा नाही अशी आपली अपेक्षा आहे. ही अपेक्षा अन्यायाची आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीत घडलेली घटना परभणीला परकी नाही. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होता. तिथल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर लग्नाचे आमंत्रण आले. ‘शादी में जरूर आएं’ असा मजकूर, तारीख, आणि खाली पत्रिकेसारखी दिसणारी फाइल. ती पत्रिका नव्हती. ती एपीके फाइल होती, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल. फाइल उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. यात लोभ कुठे होता? अज्ञान तरी कुठे होते? आपल्याकडे लग्नाची पत्रिका न उघडणे हाच उद्धटपणा मानला जातो. फसवणाऱ्याने त्या कर्मचाऱ्याच्या चांगुलपणाचाच फास केला.

अशा ॲपचे काम कसे चालते हे समजून घेतले पाहिजे, कारण समजले की भीती कमी होते आणि सावधपणा वाढतो. ॲप बसताना परवानग्या मागते: मेसेज वाचू द्या, कॉल पाहू द्या, पडद्यावर काय चालले ते दिसू द्या. घाईत आपण ‘हो, हो’ करत जातो. त्यानंतर बँकेचा ओटीपी आपल्या मोबाइलवर येतो तो त्या चोरालाही वाचता येतो. आपण कुणालाच काही सांगितलेले नसते आणि तरी पैसे गेलेले असतात. वाहतुकीच्या दंडाची पावती, बँकेचे नवे ॲप, योजनेची यादी, मृत्यूची बातमी, लग्नपत्रिका. वेष कोणताही असो, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडायची नाही, हा नियम अपवादाशिवाय पाळावा. ॲप हवेच असेल तर ते फोनच्या अधिकृत स्टोअरमधून स्वतः शोधून घ्यावे.

खोटा मेसेज ओळखण्याच्या जुन्या खुणा आता निकामी होत चालल्या आहेत. ‘शुद्धलेखनाच्या चुका पाहा’ असे आजही सांगितले जाते. पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने आज कुणालाही निर्दोष मराठी लिहून घेता येते, आणि उलट कित्येक खऱ्या सरकारी मेसेजची मराठी वाचवत नाही. बोधचिन्ह, राजमुद्रा, मंत्र्यांचा फोटो हे सगळे उचलता येते. आपले नाव, गाव, बँकेचे नाव मेसेजमध्ये असले म्हणजे तो खरा, असेही नाही. आपली माहिती इतक्या अर्जांवर, झेरॉक्सवर आणि यादीत विखुरली आहे की ती मिळवणे अवघड उरलेले नाही.

पाठवणाऱ्याचे नाव ही खूण मात्र थोडी उपयोगाची आहे. बँक, कंपनी आणि सरकारी खाते यांचे मेसेज दहा आकडी नंबरवरून येत नाहीत. ते नोंदणी केलेल्या अक्षरी नावाने येतात: आधी दोन अक्षरे, मग आडवी रेघ, मग संस्थेचे नाव. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या २०२५ च्या दुरुस्तीनंतर शेवटी आणखी एक अक्षर जोडले जाते: जाहिरातीला ‘पी’, सेवेला ‘एस’, व्यवहाराला ‘टी’ आणि सरकारी मेसेजला ‘जी’. मेसेजमधल्या लिंकही आधी नोंदवलेल्याच असाव्यात असा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. म्हणजे ‘बँकेचा’ मेसेज साध्या नंबरवरून आला असेल तर तिथेच थांबावे. पण याचा उलटा अर्थ काढू नये. अशा नोंदणीकृत नावांचा आणि साच्यांचा गैरवापर होतो हे ओळखून ट्रायनेच २०२३ मध्ये कंपन्यांना तो थांबवण्याचे आदेश दिले होते. शिवाय व्हॉट्सॲपला ही व्यवस्था लागूच नाही. वाईट नावावरून मेसेज खोटा ठरवता येतो, चांगल्या नावावरून खरा ठरवता येत नाही.

मग कशावरून ठरवायचे? माझे उत्तर असे: मेसेज कसा दिसतो ते पाहूच नका, तो नुसते सांगतो आहे की काही मागतो आहे, एवढेच पाहा.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो आणि गावोगावच्या शेतकरी गटांमध्ये फिरतो. येत्या पाच दिवसांत पावसाची शक्यता कशी आहे, काढलेले सोयाबीन कुठे ठेवावे, कपाशीवर कोणती कीड दिसली तर काय करावे. हा मेसेज शेतकऱ्याला काही देतो. तो पासवर्ड मागत नाही, पैसे मागत नाही, ‘आत्ताच्या आत्ता’ म्हणत नाही. तो कुणी बनावट करून पाठवला तरी पाठवणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. खात्यात पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज तसाच असतो. माहिती देऊन तो संपतो.

चोराला मात्र मागितल्याशिवाय भागत नाही, आणि त्याच्या मागण्या मोजक्याच आहेत. लिंक उघडा. ॲप घ्या. ओटीपी, पिन किंवा कार्डाचा नंबर द्या. या नंबरवर फोन करा. थोडे पैसे भरा, मग मोठे मिळतील. यातली एकही मागणी मेसेजमध्ये दिसली की मेसेज खरा की खोटा याचा खल करत बसू नये. तो बंद करावा आणि आपल्या ओळखीच्या वाटेने जावे. बँकेचे काम असेल तर शाखेत जावे किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरवर फोन करावा. पीएम किसानची स्थिती पाहायची तर अधिकृत साइटचा पत्ता स्वतः टाइप करावा. विजेचे असेल तर बिलावरचा नंबर. मेसेज खरा असेल तर ते काम त्या वाटेनेही होईल, आणि खोटा असेल तर आपण सुटलो. हा नियम पाळणाऱ्याला तंत्रज्ञानाचे पंडित व्हावे लागत नाही, सातवी शिकलेली आजीही तो पाळू शकते.

दोन गोष्टी याला जोडून लक्षात ठेवाव्यात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले. आणि साइटचा पत्ता वाचायचा तो सुरुवातीचे ‘https://’ सोडून पहिली तिरपी रेघ येते तिथवर, आणि त्या भागाच्या शेवटाकडून. सरकारी साइट ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपते. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत घ्यायला लावला. सुरुवातीला ‘पीएमकिसान’ लिहिलेले असले आणि शेवट भलताच असला तर ती साइट सरकारची नव्हे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. ‘थांबलो आणि मुदत गेली तर? हप्ता बुडाला तर कोण देणार?’ ज्याच्या घरात दोन हजार रुपये म्हणजे बियाण्याची एक पिशवी आहे, त्याला थांबा म्हणणे सोपे नाही. पण खऱ्या मुदती कशा असतात ते पाहा. वीज तोडायला पंधरा दिवसांची नोटीस. बँकेच्या केवायसीची फेरतपासणी रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जोखमीनुसार दोन, आठ किंवा दहा वर्षांनी. पीकविम्याची तारीख कित्येक दिवस आधी वर्तमानपत्रात, कृषी कार्यालयात आणि चहाच्या टपरीवर चर्चेत असते. जी मुदत फक्त तुमच्या एकट्याच्या मोबाइलला कळली आणि गावात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही, ती मुदत खरी नसते. घाई हा चोराचा आधार आहे. एक रात्र मध्ये गेली की त्याचा धंदा बसतो.

इथवर झाले वाचणाऱ्याचे कर्तव्य. पण सगळा भार त्याच्यावर टाकून थांबणे हा पळपुटेपणा ठरेल. डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूरच्या ओसीबीसी बँकेच्या नावाने खोटे एसएमएस गेले. सुमारे ७९० ग्राहकांचे १ कोटी ३७ लाख सिंगापूर डॉलर गेले. तिथल्या नियामकाने ‘ग्राहकांनी सावध राहावे’ एवढेच सांगून हात झटकले नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये बँकांना ग्राहकांच्या एसएमएस आणि ईमेलमधून दाबता येणाऱ्या लिंक काढून टाकायला लावल्या. ओसीबीसीने फसलेल्यांची भरपाईही केली. यात शहाणपण आहे. खरी बँक लिंक पाठवतच नसेल, तर लिंक आलेला प्रत्येक मेसेज आपोआप खोटा ठरतो आणि ओळखण्याचे ओझे माणसाच्या खांद्यावरून उतरते.

आपल्याकडे पावले पडली आहेत, पण अर्धी. लिंकची नोंदणी झाली, लिंक बंद झाली नाही. केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या आकड्यांनुसार सायबर ठगांनी २०२३ मध्ये ७४६५ कोटी रुपये नेले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. एवढी वाढ एकट्या ग्राहकाच्या निष्काळजीपणाने होत नाही. म्हणून मागणी स्पष्ट असावी: शासनाच्या कोणत्याही योजनेच्या मेसेजमध्ये लिंक असू नये, तो मराठीत असावा, त्यात एवढेच असावे की काम काय आहे, कुठल्या कार्यालयात आहे आणि मुदत कोणती. तीच मुदत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी आणि ग्रामसभेत वाचली जावी. परभणीचे जिल्हा प्रशासन, जिल्ह्यातल्या बँका आणि कृषी विभाग यांनी ठरवले तर यासाठी दिल्लीच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. सेवा केंद्रांत ग्राहकाने ओटीपी स्वतः टाइप करावा, चालकाने तोंडी विचारू नये, हा साधा शिरस्ताही उद्यापासून लावता येईल.

एवढे करूनही कुणी ना कुणी फसेल. त्यानंतरचा पहिला तास महत्त्वाचा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार गेली की ज्या खात्यांतून पैसे फिरत आहेत ती गोठवण्याची व्यवस्था कामाला लागते. पैसे एटीएममधून निघून गेले तर हाती फारसे काही लागत नाही. लगेच बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिले की चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार झाली असेल तर नुकसान ग्राहकाचे नाही. ओटीपी आपणच दिलेला असला तरी कळवल्यानंतर जे पैसे जातील त्यांची जबाबदारी बँकेची. म्हणजे दर मिनिटाला किंमत आहे.

आणि नेमकी ही मिनिटे लाजेत जातात. ‘घरी काय सांगू? लोक काय म्हणतील?’ लाडक्या बहिणीचे साठवलेले पैसे गेलेली बाई नवऱ्याला सांगायला घाबरते, निवृत्त गुरुजी मुलाला सांगायला लाजतात. आपण फसलेल्याला हसतो, तेव्हा पुढच्या फसलेल्याचे तोंड बंद करतो आणि चोराला एक रात्र बहाल करतो. ज्या घरात ‘तुला एवढेही कळले नाही का’ हे वाक्य बोलले जात नाही, त्या घरातली तक्रार वेळेवर जाते.

मेसेज पाठवणाऱ्या टोकालाही आपलीच मुले असू शकतात, हेही विसरू नये. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसे अशा फसवणुकीच्या अड्ड्यांवर जबरदस्तीने राबवली जात आहेत. २०२५ मध्ये तिथून सुटून आलेल्या भारतीयांत महाराष्ट्रातले तरुणही होते. तेही परदेशातल्या नोकरीच्या आमिषानेच गेले होते. त्याहून जवळचा सापळा म्हणजे भाड्याचे खाते. कुणीतरी विद्यार्थ्याला म्हणते, ‘तुझे पासबुक आणि सिम महिनाभर दे, पाच हजार घे.’ चोरीचा पैसा त्याच खात्यातून फिरतो आणि पोलीस आधी त्याच मुलाच्या दारात येतात. परभणीतल्या प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशाच्या वेळीच हे मुलांना सांगितले पाहिजे.

वाचकाला माझी विनंती एवढीच आहे. हा लेख संपला की घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या आणि सर्वांत लहान मोबाइलधारकाच्या फोनमध्ये १९३० हा नंबर साठवून द्या. त्यांना सांगा की मेसेजने काही मागितले तर आधी घरात विचारा, विचारल्याबद्दल कुणी रागावणार नाही. आणि पुढच्या ग्रामसभेत उठून एक ठराव मांडा: आमच्या गावाला लिंकवाला मेसेज नको, फलकावर मराठीतली तारीख हवी. हा ठराव करायला पैसा लागत नाही, तो करायला उशीरही होऊ देऊ नये.